पेजेच्या रांगेतली आई

पश्चिम खानदेशात जातो आहे असं सांगितलं तेव्हा आमच्या आळीतल्या प्रत्येकानं मला एकच विचारलं, "तिकडे कोण आजारी आहे?" पुण्याचा माणूस काशीला जातो, कोकणात जातो, अंगात फारच उत्साह असला तर महाबळेश्वरला जातो. नंदुरबारला तो फक्त बदली झाली तर जातो. माझी कोणी बदली केली नव्हती आणि तिकडे आजारीही कोणी नव्हतं. मी एका बोलपटाच्या मागे निघालो होतो.

बोलपट बंगालच्या दुष्काळावरचा. मुंबईत पाहिला तेव्हा माझ्या आजूबाजूची माणसं हुंदके देत होती आणि मध्यंतरात त्याच ओल्या डोळ्यांनी आइस्क्रीम खात होती. मीही खाल्लं. घरी आल्यावर मात्र प्रश्न पडला. ज्या देशात लाखो माणसं भाताच्या पेजेवाचून मेली, त्या देशाच्या दुसऱ्या टोकाला, जिथं तंबूत जमिनीवर बसून सिनेमा बघतात, तिथली माणसं हे कसं पाहत असतील? एका मासिकाच्या संपादकांना हे बोललो. ते म्हणाले, "पाहून या आणि लिहा." गाडीभाड्याचं ते काहीच बोलले नाहीत, म्हणून मीही विषय काढला नाही.

नंदुरबार

फाल्गुनाचे दिवस होते. स्टेशनाबाहेर पडलो तर अंगणाअंगणांत लाल मिरच्या वाळत घातलेल्या, आणि त्यांच्या खकाण्यानं माझे डोळे गळायला लागले. आधी पत्र टाकल्यामुळे माझी वाट पाहत असलेले दगाजीआप्पा पाटील हे पाहून खूष झाले. लिहिणाऱ्या माणसाला ते मास्तरच म्हणायचे. "मास्तर, तुम्ही ते सिनेमा दखावाना आधीच रडी ऱ्हायनात!"

आप्पा तापीकाठच्या जुन्या शेतकरी घरातले. घरची कपाशी भावांवर सोपवून त्यांनी फिरत्या सिनेमाचा तंबू काढला, तेव्हापासून भाऊ त्यांच्याशी बोलत नव्हते. दणकट अंगाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. त्यांच्या घरी पहिल्याच जेवणाला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि वर कच्च्या तेलाची धार. आमच्याकडे पाहुण्याला "आणखी घ्या" असं म्हणतात आणि तो नको म्हणाला की सुटतो. इथं विचारतच नाहीत. भाकरी ताटात येऊन पडते. तिसऱ्या भाकरीला मी हात जोडले तेव्हा आप्पा म्हणाले, "आमना लोक रडतीन हो, पन तिकीट काढीसन रडतीन का, हाई माले सांगा."

तंबूत मला हरिपद भेटला. मुंबईची कंपनी आपल्या चित्राबरोबर एक माणूस पाठवते. रिळांची पेटी त्याच्या ताब्यात असते, तो रिळं देतो, खेळ झाला की परत घेतो. हरिपद हा तो माणूस. तिशीतला, सडपातळ बंगाली, धोतराचा सोगा हातात धरून चालायची सवय. झोपताना पेटी उशाशी घ्यायचा. आप्पांची माणसं त्याला बंगालीभाऊ म्हणत. त्याचं हिंदी त्याच्यापुरतं होतं आणि माझं माझ्यापुरतं, त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

आप्पांकडे यंत्र एकच, म्हणून दर रिळाला खेळ थांबायचा, दिवे लागायचे आणि लोक शेंगा विकत घ्यायचे. सातवं रीळ चढलं की हरिपद यंत्रापासचा स्टूल सोडून पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभा राहायचा. ते रीळ संपेस्तोवर तिथंच. मला वाटलं, कंपनीचाच काही नियम असेल.

नंदुरबारच्या खेळाला तंबू भरला. टोप्या घातलेली शहाणी मंडळी पुढे खुर्च्यांवर. धान्य दडवणारा व्यापारी पडद्यावर आला की शीळ घालायची, मरणाऱ्या म्हाताऱ्यानं देशाचं नाव घेतलं की जयजयकार करायचा. जयजयकार इतका झाला की म्हातारा मरताना काय म्हणाला ते कोणालाच ऐकू आलं नाही. सकाळी चहाच्या दुकानात चर्चा ऐकली तर ती नायिकेच्या गालांबद्दल. उपाशी बाईचे गाल इतके वर आलेले कसे? एक जण म्हणाला, तिला पाहून आपण दुसऱ्यांदा येणार.

तिथंच कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ काठीवर हनुवटी टेकून बसले होते. चार-पाच वर्षांपूर्वी, बेचाळीसच्या चळवळीत, त्या गावात पोरांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या होत्या, ती जागा दुकानापासून हाकेच्या अंतरावर. म्हातारे माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बंगालनं दखाडं, बेस करं. आमना चौकमा पोरे पडनात, त्यासनं कोन दखाडी?"

मला वाटलं, दाखवलं तरी काय होणार? असाच जयजयकार होईल आणि मध्ये शेंगा खपतील.

त्या दिवशी दुपारी हरिपदला विचारलं, सातव्या रिळात असं काय आहे? तो पेटीवर बसून पान लावत होता. अगदी सहज म्हणाला, "मेरा माँ है उसमें, बाबू."

गोष्ट अशी होती. चित्र काढणाऱ्यांनी नट-नट्यांच्या मध्ये खरे तुकडेही जोडले होते. दुष्काळ चालू असताना कोणीतरी कलकत्त्याच्या रस्त्यावर कॅमेरा घेऊन फिरून ते टिपले होते. हरिपद तेव्हा मुंबईला एका रंगाच्या कारखान्यात कामाला होता. गावाकडून खबर येईपर्यंत आई घर सोडून कलकत्त्याकडे चालत निघाली होती. तो गेला, महिना-दीड महिना फूटपाथ, दवाखाने, अन्नछत्रं पालथी घातली, आणि हात हलवत परत आला. पुढे मुंबईत सोबत्यांबरोबर हा बोलपट पाहायला गेला आणि सातव्या रिळात, पेजेच्या रांगेत, त्याला आई दिसली. दुसऱ्या दिवशी कारखाना सोडून त्यानं कंपनीच्या दारात धरणं धरलं, मला या चित्राबरोबर पाठवा म्हणून.

"ज़िंदा है," तो म्हणाला. पेजेला तो फेन म्हणायचा आणि वाडग्याला बाटी. "फेन मिला उसको. आज देखना आप. बाटी में डाला, हम देखा है. फेन मिला तो आदमी मरेगा कैसे?"

संध्याकाळी मी त्याच्याबरोबर पडद्याजवळ उभा राहिलो. रांग येते. हाडांची माणसं, हातांत करवंट्या, डबे, फुटकी भांडी. त्यात एक बुटकी बाई वाडगा पुढे करते, वरून पळी उलटी होते. ती वाडगा छातीशी घेते, मान वर करते, आणि समोर परका माणूस यंत्र रोखून उभा आहे हे तिला दिसतं. तेव्हा ती लाजते आणि खांद्यावरची चिंधी ओढून डोक्यावर घेते. मग मागचा माणूस तिला ढकलतो आणि ती जाते. पुरतं बघूनही होत नाही. सगळ्या चित्रात मला विसरता येत नाही असं तेवढंच. पोटात काही नाही, अंगावर धड वस्त्र नाही, आणि परपुरुषासमोर डोकं उघडं राहिलं म्हणून त्या माउलीला लाज वाटली.

हरिपदचा चेहरा उजळला होता. "देखा न, बाबू?"

"देखा," मी म्हणालो. त्यानंतर रोज खेळ संपला की तो मला हेच विचारायचा आणि मी हेच उत्तर द्यायचो.

विसरवाडी

तंबू, यंत्र आणि तेलाचं इंजिन बैलगाड्यांवर लादून आम्ही विसरवाडीला आलो. वाटेत एका उतारावर आमच्या गाडीची खीळ निसटली आणि मी रिळांच्या पेटीसकट नाल्यात उतरलो. हरिपद धावत आला आणि त्यानं आधी पेटी उचलली, मग मला. मोह फुलले होते. त्यांचा गोड, जड वास रस्ताभर सोबतीला होता. साग उभे, खाली कोरड्या पानांचा खच, आणि मधूनच कुडाच्या घरांचा एखादा पाडा. देखणा मुलुख आहे. पण तिथल्या माणसांच्या पायांकडे पाहिलं की देखणेपणावर लिहायला हात धजत नाही.

खेळाला आसपासच्या पाड्यांवरची भिल्ल आणि कोकणी या आदिवासी जमातींची माणसं चालत आली. पुढे जमिनीवर बसली, पोरं मांडीत घेतली. इथं कोणी शीळ घातली नाही की जयजयकार केला नाही. जमीनदाराचा कारकून पडद्यावर छत्री घेऊन आला तेव्हा मात्र पुढच्या रांगेतल्या माणसांनी मुकाट्यानं पाय आखडून घेतले. त्याला वाट दिली. एकानं डोक्याचं फडकं काढून मांडीवर ठेवलं. आप्पांना हसू आलं. मला आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपजी नावाचा एक वयस्क माणूस तंबूपाशी येऊन उकिडवा बसला. रात्रीचं काहीतरी त्याला विचारायचं होतं. तो मावची बोलायचा, आप्पा ते मला अहिराणीत सांगायचे.

"तो विचारस, ती पेज कोन वाटी ऱ्हायंतं?"

सरकार आणि धर्मादाय मंडळी, मी म्हणालो.

"फुकट?"

फुकट.

मग रूपजीनं जे विचारलं ते सांगताना आप्पांचा आवाजही उतरला. "तो म्हनस, मंग त्या रडतस कसाले? आमले ते श्रावणमा कोनीच देत नही."

श्रावणात त्यांच्या घरातलं जुनं धान्य सरलेलं असतं आणि नवं अजून शेतात हिरवं असतं. मी समजावायला गेलो. म्हणालो, तिकडे भाताशिवाय काही पिकत नाही, भात संपला की सगळंच संपलं. त्यानं विचारलं, जंगल नाही का? कंद नाहीत, मोह नाही? नाही म्हटल्यावर त्याला खरंच वाईट वाटलं. म्हणाला, जंगल नाही तर माणूस मरणारच. मग उठला आणि जाताना कमरेच्या पिशवीतून मूठभर वाळलेली मोहाची फुलं काढून हरिपदच्या हातावर ठेवली. का ठेवली ते सांगितलं नाही. हरिपदनं ती मनुका समजून तोंडात टाकली आणि बराच वेळ चघळत बसला.

मी लोकांचे अश्रू मोजायला आलो होतो. विसरवाडीत समजलं, की ज्याला आपण देशाचा आकांत म्हणतो तो कोणाच्या घरचा दरवर्षीचा श्रावण असतो, आणि त्यावर कोणी बोलपट काढत नाही. त्या दिवशी मी काहीही लिहिलं नाही.

खांडबारा

खांडबाऱ्याला आप्पांची बहीण दिलेली. नाव सोनाबाई, पण सारं गाव तिला सोनामाय म्हणतं. भाऊ बोलत नव्हते तेव्हाही ही आप्पांशी बोलायची. घर स्टेशनापासून जवळच, शेणानं सारवलेलं, ओसरीवर धान्याच्या कणग्या. तिथंच आमचा मुक्काम. जेवायला फुणके आणि कढी. तुरीच्या डाळीचे वाफवलेले मुटके, वर लसणाची खमंग फोडणी. हरिपदला ते इतके आवडले की त्यानं मागून घेतले. माणूस मागून खातो म्हटल्यावर सोनामायचा जीव त्याच्यावर बसला. वाढता वाढता तिनं विचारलं, "तुन्ही माय कोठे शे, भाऊ?"

"सिनेमा में है, माँ," हरिपद आनंदानं म्हणाला. "रात को आओ. दिखाएगा."

"सिनेमामा? नाटकवाली शे का?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. सोनामाय हातातली पळी तशीच धरून ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती हळूच मला म्हणाली, "मंग ती गयी ना."

"तसं काही नक्की नाही," मी म्हणालो.

"इतला वरीस मायना निरोप नही. हाई काय समजाडनं पडस का, मास्तर?" मग तिला दुसरंच काही आठवलं. "दारवर कोनी उनं व्हतं का त्याना?"

खानदेशात मरण झालेल्या घरी भेटायला जाण्याला दारवर जाणं म्हणतात. आमच्याकडे भेटायला जाणारा दारात चप्पल काढताना चेहरा लांब करतो, "कसं झालं?" म्हणून विचारतो आणि घड्याळाकडे बघत निघतो. इथल्या बायका गावाच्या वेशीपासून पदर तोंडावर ओढून घेतात आणि सूर लावून रडत येतात. मेलेली बाई त्यांनी पाहिलेली नसली तरी चालतं. मरण कोणाचंही असो, त्याच्या दारात रडलं गेलं पाहिजे. नाहीतर ते मरण उघड्यावर पडून राहतं, असं त्या मानतात.

"कोणी आलं नाही," मी म्हणालो. मुंबईतल्या त्याच्या खोलीच्या दारात कोण जाणार?

सोनामायनं पळीभर कढी त्याला वाढली. हरिपदला आमचं बोलणं समजलं नव्हतं. तो कढी पीत होता.

त्या संध्याकाळी तंबूत बायकांची बाजू कधी नव्हे ती भरली. सोनामायनं सारी गल्ली आणली होती. आप्पा हात चोळत होते. पहिली सहा रिळं बायका गुपचूप बसल्या. सातवं चढलं तसा हरिपद नेहमीप्रमाणे पडद्यापाशी गेला, पण या खेपेला तो बायकांच्या बाजूला उभा राहिला आणि वाट पाहू लागला. घरी नवी वस्तू आणलेल्या पोरासारखा त्याचा चेहरा झाला होता. रांग आली. बुटकी बाई आली. त्यानं हात लांब करून दाखवलं, "वो! वो मेरा माँ!"

सोनामायनं पदर तोंडावर ओढला. मग शेजारणीनं, मग तिच्या मागच्या बाईनं. एका क्षणात ती सारी बाजू झाकल्या तोंडांची झाली आणि त्या पदरांतून रडणं उठलं. "वं माय वं... उपाशी गयी वं माय... पोऱ्यानं तोंडबी दखं नही वं..." बोलपटातलं संगीत त्यात बुडून गेलं. पुरुषांच्या बाजूचे लोक आपसूक उठून उभे राहिले, कोणी टोप्या काढल्या.

हरिपदला आधी कळलंच नाही. तो हसत होता. मग कळलं. "रोओ मत!" तो ओरडला. "मरा नहीं! देखो, देखो न, ज़िंदा है! फेन मिला उसको!" पण पाहणार कोण? सगळ्यांची तोंडं झाकलेली. पडद्यावर त्याची आई चिंधी डोक्यावर ओढत होती आणि समोर शेदीडशे बायका पदरात तोंड घालून तिच्यासाठी रडत होत्या. तिनं समोर पाहिलं तेव्हा तिच्याकडे बघणारं तिथं कोणीही नव्हतं.

खेळ तिथंच संपला. लोक बाहेर पडले ते घराकडे न वळता नदीकडे गेले. मयताला जाऊन आल्यावर अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. तंबूतून निघालेली माणसं अंधारात नेसू नदीच्या पाण्यात उतरलेली मी पाहिली. हरिपद रिकाम्या तंबूत पडद्यासमोर बसून होता.

सकाळी त्या बायका दारवर आल्या. आम्ही उतरलो होतो ती ओसरी हेच त्यांच्या लेखी हरिपदचं दार. रडणं झालं, पदर खाली आले, आणि सोनामायनं शेजारणीच्या टोपलीतून भाकरी आणि पिठलं काढलं. दुःखाच्या घरी चूल पेटवत नाहीत. भाकरी शेजारचे आणतात आणि पहिला घास दुसऱ्यानं भरवायचा असतो. त्याला कडू घास म्हणतात. तो घेतला की मरण झालं, असं घरानं कबूल केलं.

हरिपदला हे कोणी सांगितलं नव्हतं. तरी त्याला समजलं. त्यानं तोंड फिरवलं.

"खाय, भाऊ," सोनामाय म्हणाली. "तू खाशी नही, तवलोंग आम्ही उठाव नहीत."

"हम खाएगा तो वो मर जाएगी," तो म्हणाला.

हिंदी असलं तरी ते तिथल्या प्रत्येकीला कळलं. मला सोनामायचा भयंकर राग आला. म्हणावंसं वाटलं, अहो, एवढीच तर त्याच्याजवळ आहे, राहू द्या की. ऊन ओसरीवर चढलं. बायका तशाच बसून होत्या. कोणाची लहान पोरं रडत असतील, कोणाची गुरं दावणीला हंबरत असतील, पण एकही उठली नाही.

शेवटी सोनामाय सरकत त्याच्यापाशी गेली आणि त्याचं मनगट धरून म्हणाली, "तूच तिले त्या रांगमा उभी धरी ठेवेल शे रे भाऊ. रोज नवा गावमा नेस आनि उभी करस. तिना पाय दुखतस. आते बठू दे तिले."

यातलं त्याला किती समजलं मी सांगू शकत नाही. त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं, भाकरीकडे पाहिलं. मग तोंड उघडलं. सोनामायनं घास घातला. तो घास त्याला गिळेना. बराच वेळ गालात धरून बसला, आणि अखेर गिळला. बायका उठल्या, एकेकीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि नदीकडे गेल्या.

मला वाटलं होतं, आता हा रडेल, रडला की हलका होईल. तो रडला नाही. आपल्याकडे अशा वेळी लोक म्हणतात की मन मोकळं झालं. मी त्याचा चेहरा पाहिला आहे. तिथं मोकळं काही झालं नव्हतं, सगळं रिकामं झालं होतं.

खांडबाऱ्याला दुसरा खेळ लावलाच नाही. लावला असता तरी कोणी आलं नसतं. "एकच मयतले दोनदा कोन जास?" आप्पा कपाळाला हात लावून म्हणाले.

नवापूर

नवापूरला आम्ही रेल्वेनं गेलो. सुरतेवरून मुंबईला जायच्या वाटेवरचं, गुजरातच्या तोंडाशी आलेलं गाव. अर्धी बोली गुजराती, लाकडाच्या वखारी, रंगावली नदी. आप्पांनी उतरल्या उतरल्या फर्मान काढलं की इथं सातवं रीळ दाखवायचं नाही. सहाव्यावरून एकदम आठव्यावर. बायका रडल्या की धंदा बसतो.

मी भांडलो. आयुष्यात एवढा मोठ्यानं मी घरच्या माणसांशीही भांडलेलो नाही. म्हणालो, आप्पा, त्या माणसानं या एका रिळासाठी नोकरी सोडली, मुंबई सोडली. तुम्ही ते पेटीत ठेवलंत तर मी वर्तमानपत्रात तुमचं नाव घालीन. हा धाक किती पोकळ होता ते मला ठाऊक होतं. आप्पांनाही असावं. पण ते मनानं वाईट नव्हते. शेवटी कुरकुरत म्हणाले, "बरं, दखाडू. पन तुम्हीच सांगा त्याले."

विजयी मुद्रेनं मी हरिपदला शोधत निघालो. तो रंगावलीच्या काठी सापडला. तिथं न्हावी बसतात. त्यानं डोकं आणि मिशी उतरवली होती आणि ओल्या धोतरानं उन्हात बसला होता. डोक्याची कातडी कोवळी, पांढरी दिसत होती. मी सांगितलं, रीळ लागणार आहे. तो म्हणाला, "ठीक है." एवढंच.

त्या संध्याकाळी मी पडद्याजवळ एकटा उभा राहिलो. वखारीतले लोक, दुकानदार, रेल्वेचे लोक, सगळे जेवून निवांत आलेले. ते वाईट नव्हते. त्यांनी पैसे दिले होते आणि त्यांना गाणं हवं होतं. रांग आली तेव्हा मागून "आगे बढाव!" अशी हाक उठली आणि लोक हसले. बुटकी बाई आली, वाडगा पुढे केला, पळी उलटी झाली, तिनं मान वर केली. फुटाणे चावल्याचे आवाज येत होते. तिनं डोक्यावर चिंधी ओढली. मग मागच्यानं तिला ढकललं आणि ती गेली.

खेळ संपला. मी बाहेर आलो. हरिपद तंबूकडे पाठ करून सामानाच्या बैलगाडीच्या साटीवर बसला होता. यंत्रवाल्यानं रिळं आणून दिली, त्यानं ती एकेक करून पेटीत ठेवली. सातवं हातात आलं तेव्हाही थांबला नाही, इतरांसारखंच ठेवलं, झाकण लावलं आणि कुलूप घातलं. पेटी त्यानं उशाशी घेतली नाही. गाडीखाली सरकवली.

मी त्याच्या समोर जाऊन उभा राहिलो. त्याच्या रोजच्या प्रश्नाची वाट पाहत होतो. देखा, हरिपद, मी म्हणणार होतो, आज सगळ्या तंबूत मी एकट्यानं नीट पाहिलं, फेन मिळालं तिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, बसायला जागा करून दिली, आणि विचारलं, "सूरत का गाड़ी कितना बजे है, बाबू?"